देशोदेशींची वीज आणि प्रवाशाची पिशवी

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वृद्ध मातोश्रींना घेऊन मी अमेरिकेंत धाकट्या बहिणीकडे गेलों होतों. मातोश्रींना दम्याचा जुना विकार आहे. पातळ औषधाचें धुकें करून तें श्वासावाटे आंत सोडणारें एक लहानसें यंत्र, ज्यास नेब्युलायझर म्हणतात, तें त्यांच्या उशाशीं सदैव असतें. आणि पुण्याहून निघतांना कपड्यांच्याही आधीं मीं तें पेटींत ठेविलें होतें. तिकडच्या भिंतींतील भोकें आपल्याहून निराळ्या आकाराचीं असतात, एवढें मला ऐकून ठाऊक होतें; म्हणून बाजारांतून एक अडॅप्टरही घेतला. इतकी तजवीज केल्यावर माणूस निर्धास्त होतो, तसा मीही झालों.

तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास मातोश्रींना धाप लागली. अडॅप्टर भिंतींत चपखल बसला, यंत्राचा दिवा लागला, यंत्र गुणगुणूं लागलें. परंतु नळींतून धुकें म्हणून येईना. "दादा, वीज तर येते आहे, मग हें चालत कां नाहीं?" असें बहीण दोनदां म्हणाली, आणि मजपाशीं उत्तर नव्हतें. मातोश्रींच्या खांद्यांची वरखालीं होणारी हालचाल पाहत मीं तो अडॅप्टर चारपांच वेळां काढून पुन्हां घातला. न कळणाऱ्या यंत्रापुढें माणूस दुसरें करणार काय? शेवटीं शेजारच्या गुजराती गृहस्थांच्या मुलाला हाच विकार असल्याचें बहिणीला आठवलें. त्यांना उठवून त्यांचें तिकडचें यंत्र आणलें, तेव्हां पहाटे तीनच्या पुढें मातोश्रींचा श्वास ठिकाणावर आला.

त्या गांवाचें नांव एडिसन. न्यू जर्सी राज्यांतील या गांवास पूर्वीं रॅरिटन टाउनशिप म्हणत. ज्या मेनलो पार्कांत टॉमस एडिसननें १८७९ सालीं आपला विजेचा दिवा सिद्ध केला, तें ठिकाण याच गांवाच्या हद्दींत पडतें, म्हणून १९५४ सालीं त्यास त्याचें नांव देण्यांत आलें. आतां तेथें गुजराती, तेलुगु आणि मराठी कुटुंबांची एवढी वस्ती आहे कीं, श्रीखंड काय अन् थालिपिठाची भाजणी काय, हवें तें मिळतें. पण आमचें यंत्र त्या रात्रीं ज्या गोष्टीपायीं अडून बसलें, ती गोष्ट याच एडिसननें ठरवून ठेविलेली होती, हें मला परत आल्यावर, थोडें वाचन केल्यानंतर उमगलें. त्या वाचनांतून जो इतिहास हातीं आला तो आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम एक खुलासा. भिंतींतून येणाऱ्या विजेच्या तीन गोष्टी प्रवाशाला नडतात : तिचा दाब, तिचीं आवर्तनें आणि तिच्या भोकांचा आकार. अडॅप्टर म्हणून जी वस्तु आपण विकत घेतों ती या तिहींपैकीं फक्त तिसरी अडचण दूर करते. दाब जेवढा असेल तेवढाच ती पुढें पोहोंचविते. आमच्या यंत्रास २३० व्होल्ट हवे होते, तेथें १२० होते. तापणाऱ्या तारेच्या उपकरणास निम्मा दाब दिला तर उष्णता निम्मी न होतां चौथाई होते. आणि पंप हलविणारें आमच्यासारखें यंत्र तर नुसतें गुणगुणत बसतें. हें उलट झालें तर मात्र प्रकरण गुणगुणण्यावर थांबत नाहीं. ११० व्होल्टांसाठीं बांधलेलें केस वाळविण्याचें यंत्र पुण्याच्या २३० व्होल्टांवर लावलें, तर तें नेहमींच्या चौपटीहून अधिक शक्ति ओढूं पाहतें, आणि कांहीं क्षणांत तार वितळते अथवा कवच पेट घेतें.

हा ११० चा आंकडा आला कोठून? १८८२ सालच्या ४ सप्टेंबरला न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवरील केंद्रांतून एडिसननें गिऱ्हाइकांच्या घरीं वीज सोडण्यास प्रारंभ केला. त्याच्यापुढें दोन परस्परविरोधी गरजा होत्या. रस्त्याखालून न्यावयाच्या तांब्याच्या तारा फार महाग. आणि दाब दुप्पट केला तर तितकीच वीज तितक्याच नुकसानींत पोहोंचविण्यास तांबें चौथाई पुरतें. म्हणजे तांब्याच्या दृष्टीनें दाब जितका अधिक तितका बरा. उलट दिव्यांतील कोळशाचा तंतु अधिक दाबास टिकेना. या ओढाताणींत दिव्यापाशीं सुमारें शंभर व्होल्ट पोहोंचावे, आणि वाटेंतील घट धरून केंद्रांतून एकशें दहा सोडावे, अशी तडजोड ठरली. ती एका कारखान्यापुरती, एका प्रकारच्या दिव्यापुरती, एका शहराच्या कांहीं गल्ल्यांपुरती केलेली तडजोड होती. दिव्यांतील तो बांबूचा तंतु केव्हांच नाहींसा झाला. पण त्याच्या अशक्तपणाला मान देऊन ठरविलेला दाब अमेरिकेंत फारसा हलला नाहीं. ११० चे ११५, ११५ चे १२० झाले, इतकेंच.

तो हलविण्याचें धैर्य दुसऱ्यांनीं दाखविलें. १८९९ सालीं बर्लिन शहरास वीज पुरविणाऱ्या कंपनीनें २२० व्होल्टांवर जाण्याचें ठरविलें. गिऱ्हाइकांचे जुने दिवे बदलून देण्याचा खर्च कंपनीनें सोसला, आणि तांब्यांत झालेल्या बचतींतून तो भरून काढला. तेव्हां घरांत विजेचें म्हणून दिव्यावांचून फारसें कांहीं नव्हतें, म्हणून हें साधलें. बर्लिनचा मार्ग यथावकाश बहुतेक युरोपनें धरला. फ्रान्स, इटली, स्पेन या देशांना तो उशीरां सुचला; त्यांचें २२० वर जाणें दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक वर्षें चाललें होतें. अमेरिकेंत मात्र घरोघर इस्त्र्या, पंखे, धुण्याचीं यंत्रें इतकीं लवकर पोहोंचलीं कीं, बदलाची वेळ निघून गेली. जो पुढें गेला तोच मागें राहिला, असें इतिहासांत पुष्कळदां घडतें.

यांत एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. एडिसननें तांबें वांचविण्यासाठीं थोडक्याच अवधींत तीन तारांची योजना काढली. बाहेरच्या दोन तारांमध्यें दुप्पट दाब, आणि मधली तार धरली कीं निम्मा. अमेरिकेंतील घरांना आजही याच रीतीनें वीज मिळते. दिव्यांना व लहान उपकरणांना १२०, आणि स्वयंपाकाच्या मोठ्या शेगडीला अथवा कपडे वाळविण्याच्या यंत्राला २४०. म्हणजे त्या रात्रीं मातोश्रींच्या यंत्राला लागणारा दाब बहिणीच्याच घरांत, धुण्याच्या खोलींतल्या भिंतींत, कांहीं पावलांवर उभा होता! अर्थात् त्या भोकाचा आकार अगडबंब, आणि मला त्याची माहिती नव्हती हेंच बरें. नाहीं तर त्या घाबरट अवस्थेंत मीं काय केलें असतें कोण जाणे.

आतां भोकांकडे वळूं. पहिल्या पंचवीसेक वर्षांत बहुतेक घरांत प्लग नव्हतेच. वीज दिव्यासाठीं आलेली, तेव्हां तिला बाहेर पडण्याची वाट एकच, दिव्याचा होल्डर. पंखा किंवा इस्त्री लावावयाची तर दिवा काढून त्या होल्डरांत तारेचें टोंक बसवीत. १९०४ सालीं कनेक्टिकट राज्यांतील हार्वे हबेल या कारखानदारानें दोन भागांच्या एका वस्तूचें पेटंट घेतलें : एक भाग दिव्याच्या होल्डरांत फिरवून बसवावयाचा, आणि तारेला जोडलेला दुसरा भाग दोन पिनांनीं त्यांत घालावयाचा व हवा तेव्हां ओढून काढावयाचा. पुढच्या दशकांत त्या पिना समांतर चपट्या पट्ट्या झाल्या. आज अमेरिकेंत व जपानांत दिसणारा प्लग तो हाच. आपल्याकडे तरी जुनी रीत कोठें गेली आहे? दिवाळींत गॅलरींतला दिवा काढून त्याच होल्डरांतून आकाशकंदिलाची तार सोडणारा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचीच रीत पाळीत असतो.

दाबाचें भांडण तांब्यावरून झालें. आवर्तनांचें भांडण कशावरून झालें तें सांगणें कठीण आहे. वीज दूर न्यावयाची तर ती सेकंदास अनेक वेळां दिशा बदलणारी असावी लागे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या योगें तिचा दाब चढवितां-उतरवितां येतो. पण सेकंदास किती वेळां? १८९१ सालीं जर्मनींत लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत सुमारें १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखविली, ती ४० आवर्तनांची. १८९५ सालीं नायगारा धबधब्यावर यंत्रें बसलीं, तीं २५ चीं. त्या विजेवर दिव्याचा प्रकाश डोळ्यांना लवलवतांना दिसे. अमेरिकेंत वेस्टिंगहाउस कंपनीनें ६० धरलीं, जर्मनींत ए. ई. जी. कंपनीनें ५०. दोन्ही आंकडे चालण्यासारखे होते. दोहोंपैकीं एक जर चुकीचा असता तर जगाचे कष्ट वांचले असते. दोन्ही बरोबर असल्यामुळें ते कायमचे राहिले.

याची सर्वांत मोठी किंमत जपाननें दिली. १८९५ च्या सुमारास टोकियोच्या कंपनीनें जर्मनींतून यंत्रें मागविलीं, तीं ५० आवर्तनांचीं. मागोमाग ओसाकाच्या कंपनीनें अमेरिकेंतून मागविलीं, तीं ६० चीं. दोन गिऱ्हाइकांनीं दोन दुकानांतून माल घ्यावा, यांत विशेष तें काय? पण त्या दोन शहरांभोंवतीं जाळीं वाढत गेलीं, आणि फुजी नदीपासून उत्तरेकडील इतोइगावापर्यंत एक अदृश्य सीमा पडली. आजही पूर्व जपान ५० वर आणि पश्चिम जपान ६० वर चालतो. ११ मार्च २०११ रोजीं भूकंप व समुद्राची लाट येऊन पूर्वेकडील अणुकेंद्रें आणि अनेक वीजगृहें बंद पडलीं, तेव्हां पश्चिमेस वीज असूनही ती पाठवितां येईना. आवर्तनें बदलून देणारीं केंद्रें होतीं त्यांची कुवत दहाबारा लक्ष किलोवॅटांपलीकडे नव्हती, आणि तूट त्याच्या अनेक पट होती. टोकियोच्या परिसरांत मार्चच्या थंडींत पाळीपाळीनें वीज बंद ठेवावी लागली. सव्वाशें वर्षांपूर्वींच्या दोन बिलांची ही बाकी होती.

प्रवाशाला आवर्तनांचा त्रास दाबाहून कमी. पण जेथें यंत्राची गति आवर्तनांवरच बांधलेली असते तेथें मौज होते. विजेवर फिरणारें ६० आवर्तनांचें घड्याळ ५० वर लावलें तर तासाला दहा मिनिटें मागें पडतें. १९३५ सालीं अमेरिकेंत हॅमंड ऑर्गन निघाला, त्याचीं स्वरचक्रें अशाच मोटरीवर फिरत. तो ६० चा वाद्यराज युरोपांत नेऊन ५० वर लावला, तर सारे स्वर सहास पांच या प्रमाणांत उतरतात. आणि सहास पांच हें प्रमाण कोमल गंधार व षड्ज यांच्यामधील आहे, हें आपणांपैकीं गायनवादनाच्या अभ्यासकांना सांगावयास नको. म्हणजे कोमल गंधाराची पट्टी दाबावी आणि षड्ज ऐकूं यावा! ग्रामोफोनच्या तबकड्यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आपण ज्यांना अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतों त्यांची नेमकी गति ६० आवर्तनांच्या देशांत ७८.२६ आणि ५० च्या देशांत ७७.९२ धरीत, कारण ती गति तपासण्याची पट्टेदार चकती भिंतींतल्या विजेच्या दिव्याखालीं पाहत.

आणि रेडिओ? ज्या माध्यमावाटे मी बोलत आहें त्यालाही हा जाच चुकला नाहीं. कलकत्त्यास १८९९ सालीं सार्वजनिक वीज सुरू झाली ती एकाच दिशेनें वाहणारी, डी. सी. म्हणतात ती. आपल्या देशांतील अनेक शहरांत कांहीं पेठांना डी. सी. आणि कांहींना ए. सी. अशी स्थिति पुष्कळ वर्षें होती. ट्रान्सफॉर्मर असलेला रेडिओ डी. सी. वर लावला कीं त्याची गुंडाळी नुसती तापते आणि जळून जाते. म्हणून त्या काळचे विक्रेते गिऱ्हाइकाला आधीं पत्ता विचारीत, आणि दोन्ही प्रवाहांवर चालणारे सेट निराळे विकीत. परदेश दूरच राहिला, एका पेठेंतून दुसऱ्या पेठेंत बिऱ्हाड हलवितांना देखील रेडिओ दगावण्याची भीति असे.

विलायतेची स्थिति याहून बिकट. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एकट्या लंडन शहरांत दहा निरनिराळ्या आवर्तनांची वीज मिळे. १९२६ च्या कायद्यानें मध्यवर्ती मंडळ नेमून साऱ्या देशाचें एक जाळें ५० आवर्तनांवर बांधण्यांत आलें. १९३४ सालीं ब्रिटिश मानक क्रमांक ५४६ प्रसिद्ध झालें. त्यांत गोल पिनांचे प्लग. पांच अँपिअरचा लहान, पंधराचा मोठा. आणि तिसरी, जाड व लांब पिन जमिनीशीं जोडण्याची. हें वर्णन ऐकतांच आपण म्हणाल, हा तर आमच्या घरचा प्लग! होय, तोच. पंधरा अँपिअरचा जो त्यास आपण 'पॉवर प्लग' म्हणतों. इंग्रजांनीं दिलेल्या पुष्कळ वस्तूंप्रमाणें हाही त्यांनीं स्वतः टाकून दिला आणि आपण ठेवून घेतला.

त्यांनीं तो कसा टाकला, ही या इतिहासांतील मला सर्वांत आवडणारी हकीकत आहे. दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतांना, बाँबगोळ्यांनीं पडलेलीं घरें पुढें कशीं बांधावीं याचा विचार करण्यास इंग्लंडांत अनेक समित्या बसल्या. घरांतील विजेच्या जोडणीचा विचार करणाऱ्या समितींत वीस सभासद होते, त्यांत स्त्री एकच : कॅरोलाइन हॅस्लेट. १९१९ सालीं निघालेल्या स्त्री-इंजिनियरांच्या संस्थेच्या या पहिल्या चिटणीस, आणि विजेचा घरकामांत उपयोग शिकविणाऱ्या स्त्रियांच्या संघाच्या १९२४ पासून संचालिका. इंजिनियरांपुढें तांब्याच्या टंचाईचा प्रश्न होता, आणि त्यांनीं तो मोठ्या चातुर्यानें सोडविला. प्रत्येक सॉकेटापर्यंत स्वतंत्र तार न नेतां घरभर एकच कडें फिरवावें, आणि फ्यूज भिंतींत न ठेवतां प्रत्येक प्लगाच्या पोटांत ठेवावा, अशी ती युक्ति. पण भिंतीच्या तळाशीं असलेल्या भोकांत रांगणारें मूल बोट किंवा विणकामाची सुई घालतें, ही गोष्ट घरांत वावरणाऱ्या माणसालाच प्रथम आठवते. मुलांच्या सुरक्षिततेचा आग्रह हॅस्लेटबाईंनीं धरला. सॉकेटाच्या भोकांना आंतून झडप असावी, आणि जमिनीची लांब पिन आधीं आंत शिरल्यावांचून ती उघडूं नये, अशी व्यवस्था झाली. समितीचा अहवाल १९४४ सालीं निघाला आणि त्याबरहुकूम तीन चौकोनी पिनांचा तेरा अँपिअरचा प्लग १९४७ सालीं मानक ठरला.

१९४७! आपण स्वतंत्र झालों त्याच वर्षीं. गोल पिनांचा जुना प्लग इकडे राहिला आणि चौकोनी पिनांचा नवा तिकडे निघाला. आपण आपलें मानक १९५८ सालीं केलें, तें जुन्याच धर्तीवर. पुढें पांचाचे सहा आणि पंधराचे सोळा अँपिअर झाले. माझ्या मतें त्या वेळीं आपणांस दुसरें कांहीं करणें शक्यही नव्हतें. ज्या देशांत बहुसंख्य घरांत वीजच पोहोंचली नव्हती, त्यानें तांब्यापितळेचीं असलेलीं भोकें उपटून नवीं बसवावीं, असें कोण म्हणेल? इकडे इराणच्या आखातावरील देशांत घरें बांधण्याचा धडाका उडाला तो या नव्या प्लगाच्या अमदानींत. म्हणून दुबई, कुवेत, मस्कत येथें चौकोनी भोकें, आणि रत्नागिरींत गोल. आखातांत नोकरीला गेलेल्या किती चाकरमान्यांनीं टेपरेकॉर्डर आणि मिक्सर मोठ्या हौसेनें घरीं आणले, आणि पहिल्याच संध्याकाळीं सारी आळी जमलेली असतांना तो चौकोनी प्लग हातांत धरून ते वायरमनच्या शोधांत निघाले! जुना गोल पिनांचा प्लग विलायतेंतही अगदींच नामशेष झालेला नाहीं; तेथील नाट्यगृहांत रंगमंचाच्या दिव्यांना तो अद्याप वापरतात.

इतर देशांच्या हकीकतींत मी फार शिरत नाहीं. जर्मनींत आल्बर्ट ब्यूटनर यानें १९२६ सालीं खोलगट सॉकेटाच्या दोन्ही कडांना जमिनीच्या पट्ट्या असलेली रचना काढली. फ्रान्सनें जमिनीची पिन उलट सॉकेटांतूनच बाहेर काढली. इटलींत दिव्यांची वीज आणि इतर कामांची वीज निराळ्या दरानें विकत, म्हणून स्वस्त वीज महाग कामाला कोणी चोरून वापरूं नये यासाठीं दोन मापांचे प्लग झाले. दर एक झाले तरी प्लग दोनच राहिले. ऑस्ट्रेलियानें १९३७ सालीं तिरप्या पट्ट्यांची एक अमेरिकन रचना मानक म्हणून स्वीकारली, जी खुद्द अमेरिकेंत मागें पडली. तीच पुढें अर्जेंटिनाला व चीनला पोहोंचली. चीनमध्यें ती बहुधा उलटी बसवितात, आणि अर्जेंटिनांत तिच्या दोन तारांची अदलाबदल असते.

एवढा सावळागोंधळ चालू असतां जगांतील शहाणे काय करीत होते? विजेच्या मापांसाठीं व मानकांसाठीं आंतरराष्ट्रीय आयोग १९०६ सालींच लंडनमध्यें स्थापन झाला होता. लॉर्ड केल्व्हिन हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९३० च्या दशकांत या आयोगानें प्लगांचा विषय हातीं घेतला, तोंच महायुद्ध सुरू झालें. युद्धानंतर पुन्हां बसून पाहतात तों प्रत्येक देशाच्या भिंतींत लक्षावधि सॉकेटें पक्कीं झालेलीं. आयोगानें १९५७ सालीं जें पुस्तक काढलें तें एका मानकाचें नव्हतें, निरनिराळ्या देशांच्या प्लगांच्या यादीचें होतें. १९६३ सालीं पश्चिम युरोपानें लहान उपकरणांपुरता दोन पिनांचा चपटा प्लग ठरविला, तो बहुतेक खंडभर चालतो. शेवटीं १९८६ सालीं आयोगानें एक सुबक, सुरक्षित, लहानसा, साऱ्या जगासाठीं म्हणून प्लग प्रसिद्ध केला. त्याचा खरा स्वीकार दोनच मोठ्या देशांनीं केला : दक्षिण आफ्रिकेनें, आणि थोडा बदल करून ब्राझीलनें. त्यांतही ब्राझीलमध्यें कांहीं शहरांत १२७ व्होल्ट आणि कांहींत २२० आहेत, आणि दोहोंना भोक एकच! आकाराचा प्रश्न सुटला, आणि आमच्या मातोश्रींच्या यंत्राचा प्रश्न जशाचा तसा राहिला.

तो सुटला तो निराळ्याच वाटेनें, आणि समित्यांनीं नव्हे. भ्रमणध्वनीच्या किंवा संगणकाच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ असें छापलेलें असतें. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाचीं आवर्तनें. अशा चार्जरच्या पोटांत आलेली वीज प्रथम एकाच दिशेची करतात, मग सेकंदाला हजारों वेळां तोडून एका इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवितात, आणि बाहेर पडणारा दाब सतत मोजून तो तोडण्याचा हिशेब कमीजास्त करतात. बाहेर टोकियो असो, एडिसन असो वा पुणें असो, आंत सारखेंच. अशा वस्तूला नुसता अडॅप्टर पुरतो. इस्त्री, पाणी तापविण्याचें भांडें, केसांचें यंत्र आणि पंपाचीं औषधी यंत्रें यांच्यावर बहुधा एकच आंकडा असतो; तो वाचून, न जुळल्यास तें घरीं ठेवावें. मीं हें पुस्तकांतून शिकलों नाहीं, हें आपण ऐकलेंच आहे.

अडॅप्टरांविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. युरोपच्या लहान प्लगाच्या पिना चार मिलिमीटर जाडीच्या, आपल्या लहान सॉकेटाचीं भोकें पांचांहून अधिक; अंतर जवळजवळ सारखें असल्यामुळें तो आंत जातो, पण सैल बसतो, ठिणग्या उडतात आणि प्लास्टिक तापतें. विलायतेंत याच प्लगासाठीं वरच्या भोकांत पेनाचें टोक खुपसून झडप उघडणारे प्रवासी पाहिले म्हणजे हॅस्लेटबाईंच्या कामाची कींव येते. आणि सर्व देशांसाठीं एक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ अडॅप्टरांत जमिनीची तार पुढें जातच नाहीं. धातूच्या अंगाचें उपकरण त्यावर चालविणें म्हणजे तिसऱ्या पिनेचा सारा इतिहास पुसून टाकणें होय.

मातोश्री त्या खेपेस आणखी दोन महिने एडिसनला राहिल्या. बहिणीनें त्यांच्यासाठीं तिकडचें १२० व्होल्टांचें नवें यंत्र घेतलें. परत निघतांना तें तेथेंच ठेवावें असें मीं सुचविलें, पण, "चांगली वस्तु आहे, पुन्हां यायचें झालें तर?" म्हणून त्यांनीं तें आपल्या पिशवींत घातलेंच. आतां पुण्याच्या कपाटांत दोन यंत्रें शेजारीं शेजारीं आहेत, दिसावयास जवळजवळ सारखीं. घाईंत कोणी तिकडचें भिंतींत घालूं नये म्हणून त्यांनीं त्याच्या प्लगाला आपल्या हातानें तांबडा दोरा गुंडाळून ठेविला आहे, आणि घरांत कोणी नवें माणूस आलें कीं त्या तो दोरा आधीं दाखवितात.